गरम पाण्याच्या गावी मुक्काम कुठे करायचा: तीन पिढ्यांच्या एका कुटुंबाचं प्रकरण

जपानला निघालेल्या मराठी कुटुंबांच्या यादीत ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती वसलेली स्नानाची गावं, आता हमखास असतात. सहली आखून देण्याच्या माझ्या कामात सगळ्यात जास्त घोळ याच टप्प्यावर होतो. विमान, रेल्वे, शहरातलं हॉटेल हे सगळं पटापट ठरतं आणि या दोन रात्रींवर येऊन गाडी अडते. खालचं प्रकरण सविस्तर मांडतेय, कारण निवडीचे बहुतेक सगळे पेच यात एकाच घरात होते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घरात चौघं. बहात्तरीच्या आजी, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. दौरा फेब्रुवारीतला, टोकियोत उतरून पुढे क्योटो, आणि मध्ये दोन रात्री गरम पाण्याच्या गावी. आजींना रक्तदाबाची गोळी रोज लागते, दोन्ही गुडघे कुरकुरतात, थंडीत पोटऱ्यांची कातडी कोरडी पडून खाज सुटते. मांस-मासे अजिबात चालत नाहीत. मुलाचं मन कुसात्सू या नावाजलेल्या ओन्सेन गावावर बसलेलं. नातीला "बर्फात बसून गरम पाण्यात खेळायचं" होतं. सूनबाईंची अट एकच: "आईंना तिथे अवघडल्यासारखं व्हायला नको. बाकी तुम्ही म्हणाल ते."

ही अट बारीक वाटते, पण सगळा निर्णय तिच्याभोवती फिरला. ओन्सेनच्या सार्वजनिक स्नानगृहात पोहण्याचा पोशाख घालून उतरता येत नाही. बायका आणि पुरुष वेगवेगळे, पण आत सगळे विवस्त्र. हातातला छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. तिथल्या लोकांना यात काही वावगं वाटत नाही, कोणी कोणाकडे बघत नाही, हे खरं आहे. तरी ज्या बाईने आयुष्यभर बंद दाराआड अंघोळ केली, तिला "तिकडे असंच असतं" म्हणून गप्प बसवणं मला पटत नाही. आजींना पाण्यात बसायचं होतं, फक्त परक्यांसमोर नाही.

कुसात्सू का नाही

मुलाचा आग्रह समजण्यासारखा होता. गुन्मा प्रांतात सुमारे १२०० मीटर उंचीवरचं हे गाव. चौकात युबाताके, म्हणजे लाकडी पन्हाळ्यांची रांग. कढत पाणी त्यातून वाहत वाहत निवतं आणि मग स्नानगृहांकडे जातं. गावातल्या झऱ्यांचं एकूण पाणी मिनिटाला ३० हजार लिटरांहून जास्त. गार पाणी मिसळून झऱ्याचा कस कमी होऊ नये म्हणून लांब फळ्यांनी घुसळून ते निववण्याची तिथली रीत आजही बघायला मिळते. एर्विन फॉन बेल्त्स या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गावाची तोंड भरून स्तुती केली होती. फेब्रुवारीत बर्फ असतोच, म्हणजे नातीचीही हौस फिटली असती.

अडचण पाण्यातच होती. कुसात्सूचं पाणी गंधकाचं आणि तीव्र आम्लधर्मी आहे, पीएच साधारण २. डोळ्यात गेलं तर झोंबतं, खरचटलेल्या जागी चुरचुरतं. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१४ मध्ये कोणी कोणत्या पाण्यात उतरू नये याची यादी सुधारली. त्यात आम्लधर्मी आणि गंधकाच्या पाण्यापुढे स्पष्ट नोंद आहे: ज्यांची त्वचा संवेदनशील आहे त्यांनी आणि ज्या वृद्धांची त्वचा कोरडी पडते त्यांनी टाळावं. आजींच्या पोटऱ्यांचं वर्णन जणू त्या यादीतूनच उचललेलं होतं. शिवाय वृद्धांनी, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी ४२ अंश आणि त्यावरचं स्नान टाळावं, असंही मंत्रालय सांगतं. कुसात्सूला गरम पाण्याचाच अभिमान, तिथल्या सार्वजनिक कुंडांत ४२ च्या खाली पाणी मिळेल याची खात्री धरता येत नाही.

त्यात थंडी. वृद्धांसाठी धोका नुसत्या गरम पाण्याचा नसतो. उबदार खोलीतून गार कपडे बदलायच्या जागेत आलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. मग कढत पाण्यात बसलं की वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. पाण्यातून झटकन उठलं की पाण्याचा अंगावरचा भारही एकदम निघून जातो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. जपानमध्ये स्नानाच्या वेळी होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे १९ हजार असा मांडला गेला आहे. त्यात बहुसंख्य वृद्ध, आणि बहुतेक घटना घरच्या न्हाणीतल्या. म्हणून तिथली ग्राहक व्यवहार संस्था लोकांना सांगते: पाणी ४१ अंशांपर्यंत, वेळ १० मिनिटांपर्यंत, आणि कपडे बदलायची जागा आधी गरम करून घ्या.

एवढं सांगितल्यावर मुलगा गप्प झाला, पण नाराज होता. आजींच्या पायात चांदीची जोडवी होती. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, हे ऐकल्यावर त्यांनीच "मग ते पाणी नको" म्हणून टाकलं. मुलाला माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा आईचं ते एक वाक्य जास्त पटलं.

आरिमा आणि हाकोने

दुसरा पर्याय आरिमा, कोबेच्या डोंगरामागे, म्हणजे क्योटोच्या बाजूला. इथली गोष्ट भूगर्भाच्या अंगाने फार सुंदर आहे. जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही, तरी पाणी कढत. फिलिपीन समुद्राखालचा भूपट्ट जपानखाली सरकताना जे पाणी सोबत खोल नेतो, ते भेगांमधून वर येतं. त्यात मीठ आणि लोह भरपूर. जमिनीतून येताना नितळ असतं, हवा लागली की लोह गंजतं आणि पाणी तांबूस-तपकिरी होतं. याला तिथे किन्सेन, सोनेरी पाणी म्हणतात. मिठामुळे अंगातली ऊब बराच वेळ टिकते. गुडघ्यांना बरं वाटलं असतं.

पण त्या पाण्यात तळ दिसत नाही. कुंडात उतरायच्या पायऱ्या किती, कुठे संपतात, हे पायाने चाचपडत शोधावं लागतं. धडधाकट माणसाला यात मजा वाटते. गुडघा कधी दगा देईल याचा भरवसा नसलेल्या बाईला तिथे उतरवायचं माझ्या मनाला येईना. गावातले रस्तेही चढउताराचे. आरिमा बाद झालं ते एवढ्यावरच, आणि मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो.

उरलं हाकोने, टोकियोपासून जवळचा गरम झऱ्यांचा डोंगराळ भाग. त्यातही मी पायथ्याचं हाकोने-युमोतो सुचवलं. टोकियोच्या शिंजुकूहून रोमान्सकार गाडी दीड तासाच्या आत थेट तिथे पोचवते, गाडी बदलायची नाही, बसच्या पायऱ्या नाहीत. पुढे जवळच्या ओदावाराहून क्योटोला शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन मिळते. मोठ्या बॅगा टोकियोहून कुरिअरने परस्पर क्योटोला पाठवायच्या आणि दोन दिवसांची छोटी पिशवी घेऊन जायचं. युमोतोचं पाणी मुख्यतः साधं अल्कधर्मी. 'साधं' म्हणजे किलोभर पाण्यात विरघळलेले क्षार एका ग्रॅमपेक्षा कमी, आणि झऱ्याशी तापमान २५ अंश किंवा जास्त. रंग नाही, वास नाही, कातडीला सौम्य. प्रसिद्धीच्या मानाने हे पाणी मागे पडतं, पण वय झालेल्या अंगाला हेच मानवतं. बर्फाची खात्री मात्र नाही. नातीला हे तिच्या आईने समजावलं.

खोलीपासून पाण्यापर्यंतची वाट

गाव ठरलं की काम संपलं असं समजणारे इथेच फसतात. एकाच गावातल्या दोन सरायांमध्ये जेवढा फरक असतो, तेवढा दोन गावांमध्ये नसतो. मी तीन ठिकाणी जपानीत पत्र पाठवून तेच प्रश्न विचारले. खोलीपासून स्नानगृहापर्यंत किती पायऱ्या, लिफ्ट थेट तिथपर्यंत जाते का? झोपायला पलंग आहे की तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटईवर, गादी? कुटुंबापुरतं राखून ठेवता येणारं स्नानगृह आहे का, आत आहे की उघड्यावर, धरायला दांडा आहे का? त्यात झऱ्याचं पाणी आहे की नळाचं? तापमान किती, आणि गार पाण्याचा नळ आपल्या हातात आहे का? अंग धुवायला उंच खुर्ची मिळेल का? शेवटचा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो. पण पाण्यात उतरण्याआधी बसून अंग स्वच्छ धुवायचं असतं, आणि तिथले स्टूल इतके बुटके की गुडघेदुखीचा माणूस बसला की उठताना हात द्यावा लागतो.

पहिल्या ठिकाणचे फोटो बघून सूनबाई हरखल्या होत्या. नदीकडे तोंड केलेली खोली, खोलीच्याच सज्जात लाकडी टब. उत्तर प्रामाणिक होतं: खोलीतल्या टबात नळाचं तापवलेलं पाणी, झऱ्याचं पाणी फक्त खालच्या सार्वजनिक स्नानगृहात. हे सर्रास असतं आणि यात फसवणूक नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही. दुसरं ठिकाण जुन्या लाकडी वास्तूतलं, देखणं. स्नानगृह मात्र तळात, लिफ्ट नाही, झोपायला गाद्या जमिनीवर. तिसरी चारचौघींसारखी काँक्रीटची इमारत, जिचा फोटो कोणी कोणाला पाठवणार नाही. लिफ्ट थेट स्नानगृहाच्या मजल्यावर. खोलीत अर्धी जागा तातामी, अर्ध्या जागेत पलंग. राखून ठेवता येणारी आतली दोन स्नानगृहं, पाऊण तासाच्या पाळीने, भिंतीला दांडा, पाणी ४० ते ४१ अंश. झऱ्याचंच पाणी, पण तापवलेलं, गाळून पुन्हा फिरवलेलं आणि क्लोरीन घातलेलं.

"म्हणजे स्विमिंग पूलच की!" मुलाचा सूर चढला. त्याला हवं होतं काकेनागाशी, म्हणजे झऱ्यातून आलेलं पाणी कुंडात पडून तसंच वाहून जाणारं. ते भारी आणि फिरवलेलं पाणी हलकं, हा समज पक्का झालेला असतो. त्यात निम्मं खरं आहे. वाहत्या पाण्याचा ताजेपणा, वास, स्पर्श निराळाच असतो, मलाही तेच आवडतं. पण काकेनागाशी म्हणजे आपोआप स्वच्छ असं नाही, कुंड नीट उपसून घासलं तरच. आणि क्लोरीन काही हौसेने घालत नाहीत. २००२ मध्ये क्युशूतल्या ह्युगा शहरात एका नव्या स्नानगृहात लिजिओनेला जिवाणूची साथ आली. संशयित धरून जवळपास ३०० लोक आजारी पडले, सात जण दगावले. पाणी फिरवून वापरण्याच्या यंत्रणेत निर्जंतुकीकरण पुरेसं नव्हतं. हे जिवाणू कोमट-गरम पाण्यात वाढतात आणि तुषारांतून फुप्फुसात जातात. वृद्धांना त्यांचा धोका सर्वांत जास्त. म्हणून पाणी फिरवत असतील तर तिथे क्लोरीन असायलाच हवं.

आणखी एक कारण होतं. वाहत्या पाण्याच्या कुंडात तोटीपाशी पाणी कढत असतं आणि दूरच्या कोपऱ्यात सोसवेल असं. तापवून फिरवलेलं पाणी सगळीकडे सारखं, त्याचं तापमान ठरवता येतं. आजींसाठी मला नेमकं तेच हवं होतं.

हे सगळं ओळखायचं कसं, असं मुलाने विचारलं. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने या दुधाळ पाण्याच्या गावी काही कुंडांत रंग यावा म्हणून पूड मिसळल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर २००५ पासून पाण्यात गार पाणी घातलंय का, तापवलंय का, फिरवून वापरलंय का, काही मिसळलंय का, हे कारणासकट लावणं बंधनकारक आहे. तो तक्ता कपडे बदलायच्या खोलीत टांगलेला असतो. फोनवर भाषांतर करून वाचता येतो, पण फोटो काढायचा तर आत कोणी नसताना आणि विचारून. तिथे कॅमेरा काढणं हा गंभीर प्रकार समजला जातो. सोपं म्हणजे खोली घेण्याआधी पत्रात विचारून घ्यावं.

मुलाशी शेवटी तडजोड झाली ती अशी: मुक्काम आजींच्या सोयीने, पाणी ज्याचं त्याच्या आवडीने. हाकोनेत मुक्काम न करताही दिवसा पैसे भरून स्नान करता येतं अशी बरीच ठिकाणं आहेत. मुलाने दुसऱ्या दिवशी काकेनागाशीची जागा एकट्याने गाठायची. राहण्याची जागा आणि डुंबण्याची जागा एकच असली पाहिजे ही अट सोडली की निम्मी भांडणं मिटतात. हे मी आता प्रत्येक कुटुंबाला आधीच सांगते.

जेवण

इथे मात्र हवं तसं जमलं नाही. जपानी सरायांचा दर बहुधा खोलीचा नसून माणशी असतो, त्यात रात्रीचं जेवण आणि न्याहारी धरलेली असते. शिवाय स्नानकर, कायद्यातला सर्वसाधारण दर माणशी दिवसाला १५० येन. पण शाकाहारी माणसाची अडचण ताटातल्या माशापेक्षा मोठी आहे. सूप, भाजी, सॉस, सगळ्याच्या मुळाशी दाशी नावाचा अर्क, आणि तो बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा. "मासा नको" म्हटलं तर तुकडा जातो, अर्क राहतो. तिसऱ्या ठिकाणाने सरळ कळवलं की अर्काशिवाय रात्रीचं जेवण त्यांना जमणार नाही. असं सरळ नाही म्हणणारी जागा मला बरी वाटते. आम्ही नुसती न्याहारी घेतली. न्याहारीच्या मिसो सूपमध्येही दाशी होता, आजींनी वाटी बाजूला सारली आणि भात, तोफूवर भागवलं. संध्याकाळी खोलीतल्या किटलीत पाणी उकळून घरून नेलेला उपमा. चार माणसांची मेजवानी हुकली हे खरं, आणि सूनबाईंना ते लागलं. त्यांनी आणि मुलाने एका रात्रीसाठी तरी पूर्ण जेवण घ्यायला हवं होतं, असं मला नंतर वाटलं.

दोन रात्री

आजींनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी गोळी चुकवू नका, पाणी छातीपर्यंतच ठेवा, असं सांगितलं. पोचल्याबरोबर स्नान नको, आधी तासभर बसून चहा-पाणी, हे माझं सांगणं. स्नानगृहाची पाळी जेवणाआधीची घेतली होती. सूनबाईंनी पाळीच्या पंधरा मिनिटं आधी कर्मचाऱ्यांना सांगून कपडे बदलायच्या खोलीतला हीटर लावून घेतला.

पहिली पाच मिनिटं आजी उंच खुर्चीवर बसून अंग धूत होत्या. मग सूनबाईंनी लाकडी डब्याने आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर कुंडातलं पाणी ओतलं. अंगाला ऊन पाण्याची आधी ओळख करून द्यायची ही पद्धत मला फार आवडते, दाब एकदम हलत नाही. त्यानंतर दांडा धरून पहिल्या पायरीवर बसणं, पाणी कमरेपर्यंत. पाच-सहा मिनिटांनी उठताना आधी काठावर बसल्या, पाय पाण्यातच, मग उभ्या राहिल्या. अल्कधर्मी पाण्याने कातडी गुळगुळीत लागते, तशी फरशीही निसरडी होते. सूनबाईंनी सासूबाईंचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. नात तेवढ्यात आत-बाहेर करत होती. तिला एकच नियम होता: डोकं पाण्याखाली न्यायचं नाही. गरम झऱ्यांच्या पाण्यात हा नियम कुठेही पाळावा, कारण नाकावाटे मेंदूत जाणारा नेग्लेरिया हा अमिबा कोमट-गरम गोड्या पाण्यात जगतो. इंग्लंडमधल्या बाथ शहरात १९७८ मध्ये एक मुलगी अशीच दगावली आणि तिथल्या झऱ्यांत पोहणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मुलगा रोपवेने ओवाकुदानीला जाऊन आला. तिथे ज्वालामुखीचे वायू सतत निघतात आणि दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी येऊ नये अशा सूचना आहेत. आजींना हृदयविकार नाही, तरी दाबाचं माणूस थंडी-वाऱ्यात तिथे नेण्यात मला अर्थ वाटला नाही. त्या नातीबरोबर गावातल्या पादस्नानाच्या कुंडापाशी बसल्या, नुसते पाय सोडून. मुलगा परतताना काकेनागाशीच्या कुंडात मनसोक्त डुंबला. पण त्याला उशीर झाला, त्याची वाट बघण्यात संध्याकाळच्या पाळीतली वीसेक मिनिटं गेली, आणि आजींचं दुसरं स्नान घाईत उरकावं लागलं. अशा दिवशी बाहेर गेलेल्या माणसाची वाट न बघता पाळी सुरू करायची, हे आधी ठरलेलं हवं.

आजी म्हणाल्या, "गुडघे दोन दिवस हलके होते." गरम पाण्याने स्नायू सैलावतात, पाण्यात वजन कमी भासतं, म्हणून तेवढा वेळ बरं वाटतं. सांधा बरा होत नाही, आणि मी तसं कधी कोणाला सांगत नाही. पोटऱ्यांची खाज वाढली नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

आजींना चार पावलांत धाप लागत असती किंवा पायावर सूज असती, तर मी त्यांना पाण्यात उतरवलंच नसतं. मंत्रालयाच्या यादीत अशा अवस्थेतल्या हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना मनाई आहे. मग मुक्काम निवडताना फक्त पलंग, लिफ्ट आणि नदीकडची खिडकी बघितली असती. सूनबाई गरोदर असत्या तर उत्तर वेगळं आलं असतं. गरोदरपण पूर्वी त्या यादीत होतं, पुराव्याअभावी २०१४ मध्ये काढलं, तेव्हा डॉक्टरांची हरकत नसेल तर कोमट पाणी, थोडा वेळ आणि निसरड्या फरशीची दुप्पट काळजी. आणि घरात कोणी वृद्ध नसतं तर मी डोळे झाकून कुसात्सू म्हटलं असतं. मुलगा आणि सून पुढच्या वर्षी दोघंच तिथे जाणार आहेत. त्यांना मी आत्ताच सांगून ठेवलंय की युबाताकेच्या चालत्या अंतरावरची सराय बघा, चांदीचे दागिने घरी ठेवा, आणि रात्रीच्या जेवणासकट खोली घ्या.